पाकिटाची मागची बाजू



माझी छत्तीस वर्षे बँकेच्या नोकरीत गेली. कर्जाच्या अर्जाचे पहिले पान प्रत्येकजण नीटनेटके भरतो. खरी माहिती मागच्या पानावर, जामीनदाराच्या आणि आधीच्या कर्जांच्या रकान्यांत असते, हे त्या नोकरीने शिकवले. निवृत्तीनंतर वडवणीस परतल्यावर हीच शिकवण किराणा दुकानाच्या फळीसमोर कामी येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आमचे घराणे दोन पिढ्यांपासून किराणा व्यापारात आहे. थोरल्या बंधूंच्या पश्चात दुकान पुतण्या सांभाळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून मीही तासभर गल्ल्यापाशी जाऊन बसतो. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या अशाच एका सायंकाळी जवळच्या खेड्यातील एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलीचे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र फुगलेले होते. बाई म्हणाली, "शेठ, पोरीच्या पोटाला सोसंल असं काही द्या. डॉक्टरनं गहू बंद करायला सांगितलाय."

पुतण्याने डायजेस्टिव्ह बिस्किटांचे दोन पुडे काढले. मुलगी अशक्त दिसत होती, म्हणून शक्तीसाठी माल्टच्या पेयाचा एक डबा सुचवला. बाईने त्यासोबत हिंगाची डबी आणि शेवयाही घेतल्या. मी शेजारीच बसलो होतो. "घ्या ताई, चांगलं आहे," असे मीही म्हणालो.

दीड महिन्याने ती पुन्हा आली. मुलगी अधिकच रोडावली होती. जुलाब थांबले नव्हते. बाई आम्हाला दोष देत नव्हती. "औषध लागू पडंना," एवढेच म्हणाली. मी चष्मा लावून बिस्किटांचा पुडा उलटा केला. घटकांच्या यादीतला पहिलाच शब्द गव्हाच्या पिठाचा होता. माल्टच्या डब्यावर जव आणि गहू होते. शेवया तर उघड उघड गव्हाच्याच. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत खाद्य डिंक आणि गव्हाचे पीठ लिहिलेले आढळले.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमचा भाव चोख होता, मापही चोख होते. पण ज्या मुलीला गहू वर्ज्य होता, तिला आम्ही चार वस्तूंतून गहूच दिला होता.

एकाच तक्रारीमागची दोन दुखणी

या प्रसंगानंतर मी या विषयाची माहिती जमवू लागलो. त्यात स्वार्थही होता, कारण माझे स्वतःचे पोटही निवृत्तीपासून बिघडलेले होते. आपण सर्रास "पोट नाजूक आहे" म्हणतो, परंतु त्या दोन शब्दांत अगदी निराळी दुखणी दडलेली असतात.

त्या मुलीचा आजार सीलियाक हा होता. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्लूटेनमुळे बिथरते आणि लहान आतड्याच्या आतील अस्तराला इजा करते. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा आणि या आजाराचा संबंध आधीपासून जाणवत होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात तेथे पावाचा तुटवडा झाला. सारा देश उपाशी असताना हे आजारी बालक मात्र सुधारू लागले आणि पाव परत येताच पुन्हा खालावले. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हे सविस्तर मांडले. या आजारावर आजही आयुष्यभर ग्लूटेन टाळणे हाच मुख्य उपाय आहे. येथे "थोडेसे चालते" ही सवलत नाही. दिवसाला पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा विसावा भाग ग्लूटेनही काही महिन्यांत आतड्याला इजा करू शकते, असे अभ्यासांत दिसले आहे.

माझे दुखणे दुसऱ्या प्रकारचे निघाले. पोट फुगणे, कळ येणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. वैद्यकीय भाषेत याला आयबीएस म्हणतात. यात आतड्याला इजा होत नसते, पण ते अतिसंवेदनशील झालेले असते. येथे प्रमाणाला महत्त्व आहे. एखादा पदार्थ चमचाभर सोसतो आणि वाटीभर सोसत नाही.

म्हणून पहिली विनंती अशी की, निदान होण्यापूर्वी मनानेच गहू सोडू नये. सीलियाकची रक्ततपासणी गहू खाणे चालू असतानाच खरे उत्तर देते. आधीच सोडला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. शौचातून रक्त जात असेल, वजन कारण नसताना घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील किंवा पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. माझा त्रास साठीनंतरचा असल्याने माझ्याही सर्व तपासण्या आधी झाल्या, पथ्याचा विचार नंतर.

कांदा-लसूण नाही, तरी त्रास का?

डॉक्टरांनी मला प्रथम कांदा व लसूण बंद करण्यास सांगितले. मी हसून म्हणालो, "डॉक्टरसाहेब, ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बंदच आहे." त्यावर त्यांनी जे समजावून सांगितले, ते आपल्या प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात अशा पोटांसाठी विशेष आहारपद्धती तयार झाली. काही प्रकारची पिष्टमय द्रव्ये व शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि वायू तयार करतात. यांना एकत्रितपणे फॉडमॅप म्हणतात. कांदा आणि लसूण या यादीत अग्रभागी आहेत, म्हणजे आपल्या आहारनियमाने हे एक मोठे कारण आपोआप दूर ठेवले आहे. पण त्याच यादीत गहू आहे, हरभरा व राजमा आहे, दूध आहे, सफरचंद आहे. आपल्या घरातील पोळी, बेसनाचे गट्टे, शेव, फरसाण, खव्याची मिठाई हे सारे त्यातच येते. पर्युषणात हिरवी भाजी बंद झाली की आपले ताट बहुतेक डाळी आणि बेसनावरच चालते. मला दरवर्षी भाद्रपदात त्रास का वाढतो, याचा उलगडा त्या दिवशी झाला.

हे पथ्य जन्मभराचे नाही. दोन ते सहा आठवडे त्रासदायक पदार्थ कमी करून पाहावयाचे आणि नंतर एकेक पदार्थ परत घेऊन कोणता सोसतो ते ठरवावयाचे, हेही आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. मी त्यासाठी खातेवही घातली. तारीख, वेळ, काय खाल्ले, किती खाल्ले, त्रास किती तासांनी झाला, असे पाच रकाने. सहा आठवड्यांत कळले की मुगाची डाळ मला सोसते, हरभऱ्याची सोसत नाही. दही चालते, खवा चालत नाही. दुसऱ्या कोणाची वही निराळे सांगेल.

याच वहीने आणखी एक चोर पकडून दिला. मला मधुमेह असल्याने मी शुगर-फ्री मिठाई आणि चघळण्याच्या शुगर-फ्री गोळ्या विश्वासाने घेत असे. ज्या दिवशी त्या घेतल्या, त्याच दिवशी जुलाब झाल्याच्या नोंदी निघाल्या. डबा उलटून पाहिला तर गोडीसाठी माल्टिटॉल वापरलेले होते आणि खाली इशाराही छापलेला होता की, अशा द्रव्यांनी जुलाब होऊ शकतात. इशारा पहिल्या दिवसापासून तेथेच होता; मीच तो वाचला नव्हता.

मागची बाजू कशी वाचावी

पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची असते. डायजेस्टिव्ह, मल्टिग्रेन, हाय फायबर, हेल्दी या शब्दांवरून पोटाला काय सोसेल ते ठरत नाही. मागच्या बाजूस पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत असा नियम आहे. ज्वारीच्या बिस्किटांच्या यादीत मैदा पहिला आणि ज्वारी चौथी असेल, तर ती मैद्याची बिस्किटे होत.

दुसरी गोष्ट अ‍ॅलर्जीची सूचना. ग्लूटेनयुक्त धान्य, दूध, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन असे घटक असल्यास यादीजवळ तसे स्पष्ट लिहिलेले असते. घाई असेल तेव्हा निदान ही एक ओळ वाचावी. ग्लूटेन-फ्री असे लिहावयाचे, तर आपल्याकडे किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन चालत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांत लिहिलेली द्रव्ये. ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल. आयबीएस असणाऱ्याने हे चार आकडे लक्षात ठेवावेत.

चौथी गोष्ट इन्युलिन. हाय फायबर बिस्किटांत आणि काही पौष्टिक चूर्णांत ते घालतात. ते बहुधा चिकोरीच्या मुळापासून काढलेले असते आणि कांद्यातील त्रासदायक द्रव्याच्याच कुळातले असते. म्हणजे कंदमूळ न खाणाऱ्यांनी आणि नाजूक पोटाच्या लोकांनी, दोघांनीही ते पाहून घ्यावे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. तो कंदमूळविरहित असल्याची ग्वाही देत नाही. तसेच नुसता 'मसाले' असा शब्द असेल, तर त्यात लसणाची वा कांद्याची पूड आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. शंका असेल तर असे पाकीट न घेणे बरे.

पाचवी गोष्ट तारीख, बॅच क्रमांक आणि चौदा आकडी परवाना क्रमांक. २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील हा क्रमांक नसलेले पाकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये आणि विकूही नये.

फळीवरून काय उचलावे

सीलियाकच्या रुग्णाच्या बाबतीत आपल्या भागाचे भाग्य असे की, त्याचे अन्न येथेच पिकते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, राजगिरा, भगर यांत ग्लूटेन नसते. पोहे, चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, तांदळाचे पीठ, मूगडाळ, शेंगदाण्याची चिक्की या साध्या वस्तू महागड्या ग्लूटेन-फ्री पाकिटांचे काम करतात. मात्र रवा, मैदा, दलिया, शेवया ही सारी गव्हाचीच रूपे आहेत, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. खपली गहू जुना व पौष्टिक असला तरी त्यातही ग्लूटेन असते. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. हिंग घेताना तांदळाच्या पिठातील बांधणीचा घ्यावा.

आयबीएस असणाऱ्यांना तांदूळ, पोहे, चुरमुरे, ज्वारी हे बहुधा सोसतात. दूध न सोसणाऱ्यांनी दूध पावडर आणि खवा यांकडे लक्ष ठेवावे. खव्यात दूध आटून दुग्धशर्करा दाटलेली असते.

सुट्या मालाची मागची बाजू

येथवर पाकिटांची गोष्ट झाली. पण वडवणीसारख्या गावात निम्मा माल सुटाच विकला जातो. पोत्यातले पीठ, डब्यातले फरसाण, बरणीतला टोस्ट यांना मागची बाजूच नसते. त्या मालाची मागची बाजू म्हणजे आपण स्वतः, दुकानदार. आपण जे सांगू, तेच गिऱ्हाईक वाचते.

त्या मुलीसाठी ज्वारीचे पीठ द्यावयाचे ठरले, तेव्हा हे नीट कळले. ज्वारी शुद्ध होती, पण गिरणीत तिच्या आधी गहू दळला जात होता आणि आमच्या दुकानात सगळ्या पिठांना एकच मापटे होते. गव्हाच्या पिठाची धूळ तिच्या पिठात जात होती. गिरणीवाल्यांशी बोललो. सकाळी गिरणी झाडून, आधी थोडे तांदूळ दळून ते बाजूला काढायचे आणि मग तिची ज्वारी दळायची, असे ठरले. आमच्या दुकानात ज्वारी व तांदळाच्या पिठाला झाकणाचा निराळा डबा आणि निराळे मापटे आले. खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

भगरीचे उदाहरण याहून गंभीर आहे. आपल्या घरांत एकादशीचा फराळ नसतो. पण आषाढी, नवरात्र, महाशिवरात्रीला आपल्याच दुकानांतून भगर जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील भगर-आमटीनंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली. भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढून विषारी द्रव्य तयार होऊ शकते, म्हणून राज्याचे अन्न व औषध प्रशासन सणांपूर्वी सावध करते. भगर शक्यतो बंद पाकिटातील, तारीख व बॅच असलेली घ्यावी. सुटी भगर वा तयार पीठ घेऊ नये. ओलाव्यापासून दूर ठेवावी. लागेल तेवढीच दळावी.

हे वाचताना मला आईची आठवण झाली. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची मानतात. आमच्या घरी ती काटेकोर पाळली जाई. मी तिला जुन्या वळणाची म्हणून हसत असे. दमट हवेत पीठ लवकर बिघडते, हे ओळखूनच जणू पावसाळ्याची मर्यादा सर्वांत कमी ठेवली गेली. जी मर्यादा आपण स्वयंपाकघरात पाळतो, ती दुकानाच्या कोठीत का पाळू नये?

व्यापारी बंधूंना विनंती

कोणी "पोटाला सोसेल असे द्या" म्हणाले, तर आधी विचारावे, "डॉक्टरांनी नेमके काय बंद केले आहे?" मग पाकीट उलटून घटक मोठ्याने वाचून दाखवावेत. लेबले इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. खेड्यातून येणाऱ्या अनेक गिऱ्हाइकांना ती वाचता येत नाहीत. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणावे. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही. मुदत संपलेला माल फळीवर ठेवू नये. सीलियाकच्या रुग्णांसाठी तांदळाच्या पिठाचा हिंग मागवून ठेवावा. आणि एखाद्या पाकिटाबद्दल तक्रार असेल, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १८००११२१०० हा निःशुल्क क्रमांक आहे.

आमच्या वतीने मी आणखी एक गोष्ट केली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत चार शब्द लिहून त्या बाईला दिले: व्हीट, मैदा, बार्ली, माल्ट. "हे चित्र समजा. पाकिटावर यातलं कोणतंही चित्र दिसलं, की ते ठेवून द्यायचं," असे सांगितले. चार-पाच महिन्यांत मुलीचे जुलाब थांबले. वर्षभरात ती वर्गातल्या मुलींच्या बरोबरीला आली.

गेल्या महिन्यात दोघी दुकानात आल्या होत्या. मुलगी आता तिसरीत आहे. पुतण्याने एक नवे पाकीट पुढे केले. तिने ते उलटे केले, पुठ्ठा काढून अक्षर अक्षर लावून पाहिले आणि म्हणाली, "शेठ, ह्यात मैदा हाय." पुतण्याने पाकीट मुकाट्याने परत फळीवर ठेवले आणि तिला चुरमुऱ्यांचा पुडा बांधून दिला.

ते पाकीट तिच्या हाती देण्यापूर्वी ते उलटून पाहण्याचे काम आमचे होते. वाचकांपैकी जे व्यापारात आहेत, त्यांनी उद्या दुकान उघडल्यावर आपल्या फळीवरची निदान दहा पाकिटे उलटून वाचावीत, एवढीच प्रार्थना.